लातूरहून पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) दोन कुत्री घेऊन राहायला जायचंय, काय काळजी घ्यावी?

लातूरचं ऊन सोसलंय म्हणून अंदमान सोपं जाईल, असं धरू नका. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत जिभेवरची ओल झटकन उडते, तिथल्या दमट हवेत फार हळू उडते. म्हणून फिरवणं पहाटेच, तिथं पाचच्या सुमारास उजाडतं.

खरी भीती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) आहे. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, माणसालाही होतो. लसीचे दोन डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतरानं लागतात, मग दरवर्षी एक. म्हणून निघायच्या दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. रेबीजची लस, तिचा दाखलाही हवाच.

पावसाळ्यात रोज बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि कान उलटून वास घ्या. आंबूस वास आला की बुरशी धरली समजा. गोचिडांचं औषध बाराही महिने चालू ठेवा.

विमानात गुंगीचं औषध देऊ नका, श्वास मंदावतो. पग असेल तर तिकिटाआधीच विचारा, चपट्या नाकाची कुत्री बऱ्याच कंपन्या घेत नाहीत.

समुद्र त्यांना फार आवडेल, पण खाडीकाठी मोकळं सोडू नका. तिथं मगरी आहेत.