इमॅजिका खरंच विकलं गेलं का, आणि आता ते पूर्वीचं राहिलंय का?

खोपोलीचं हे थीम पार्क विकलं गेलं हे खरंय, 2022 मध्येच. संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने घेतलं, तेच गाय छाप जर्दावाले, लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वेट एन जॉय वॉटर पार्क त्यांचंच. पण तुम्ही जे ऐकलंय की "आता तिथे नुसतं वॉटर पार्क उरलंय, बाकी सगळं मोडीत काढलं" ते काही खरं नाही.

पार्क का विकावं लागलं ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं गर्दीच नव्हती. मनमोहन शेट्टी म्हणजे मूळ अॅडलॅब्जवाले, फिल्म प्रोसेसिंगची लॅब, मग वडाळ्याचं आयमॅक्स थिएटर, 2005 मध्ये ती कंपनी अनिल अंबानींच्या रिलायन्सकडे गेली आणि पुढे शेट्टींनी खोपोलीजवळ हे पार्क उभं केलं, 2013 ला उघडलं. सिनेमावाल्या माणसाचं पार्क आहे हे आत गेल्यावर लगेच कळतं, प्रत्येक राईडला गोष्ट आहे. राजासॉरसची राईडच घ्या, परदेशी डायनासोर न आणता आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातला घेतला, मला आजही याचं फार कौतुक वाटतं. आणि नायट्रो ही रोलर कोस्टर! गाडीत बसून पट्टे लागले की पायाखालची फळीच बाजूला सरकते आणि तंगड्या हवेत लोंबकळत राहतात, खरी धडकी तिथे भरते, चढ तर अजून पुढेच असतो. ती स्विस कंपनीची कोस्टर आहे, स्वस्तात होणारं काम नव्हे ते.

आणि घोळ तिथेच झाला. सगळं कर्ज काढून बांधलेलं, हजार कोटींच्या वर. राईड रिकामी फिरली तरी वीज, मेंटेनन्स, माणसं आणि व्याज चुकत नाही, धंद्याचा खरा सीझन एप्रिल ते जून, नंतर खोपोलीचा पाऊस आणि मग शाळांच्या ट्रिपा. 2015 ला आयपीओ आणला, म्हणजे कंपनीचे शेअर लोकांना विकायला काढले, 180 रुपयांनी शेअर दिला, पुढे नोटाबंदी, मग जीएसटी लागला तो थेट 28 टक्के (2018 ला 18 वर आणला), आणि 2020 ला कोविडने गेटच बंद, शेअर पाच रुपयांच्या खाली. त्याआधीच पार्क चालवणाऱ्या कंपनीच्या नावातून अॅडलॅब्ज गेलं होतं, इमॅजिकावर्ल्ड झालं होतं. शेवटी बँकांनी तडजोड केली आणि मालपाणी आले.

माझं मत विचाराल तर हे बरंच झालं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड बघा, 1989 पासूनचं, आमच्या अख्ख्या पिढीची शाळेची ट्रिप तिथे गेली, आणि कोविडनंतर बंदच. इमॅजिकाचंही तेच झालं असतं. मालपाण्यांना पार्क चालवायची सवय आहे, कर्जाचं ओझं उतरल्यावर हेच पार्क नफ्यात आलं, आणि 2024 मध्ये त्यांनी आपली शिर्डी-लोणावळ्याची पार्कंही याच कंपनीत आणली.

तरी ओळख बदलतेय हे मी नाकारणार नाही. वॉटर पार्कला खर्च कमी आणि गर्दी जास्त, त्यामुळे कुठल्याही मालकाचा कल तिकडेच जाणार, इंदूरला नवीन काढलं तेही वॉटर पार्कच. माझा जीव थीम पार्कमध्ये अडकलाय. सलीमगढसारख्या भुताच्या राईडमध्ये दिवे, आवाज, पुतळ्यांची हालचाल यातलं एक जरी बंद पडलं तरी गोष्ट मरते, नुसती अंधारी खोली उरते, आणि असल्या दुरुस्तीचा खर्च जाहिरातीत दिसत नाही म्हणून तो आधी कापला जातो. त्यांनी तो कापू नये एवढंच मनापासून वाटतं.

तुम्ही मुलांना घेऊन बिनधास्त जा. फक्त शनिवार-रविवार टाळा, दिवाळीनंतर थंडीत मधल्या वारी गेलात तर उत्तम, आणि थीम पार्क व वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका. निघायच्या आधी त्या दिवशी कुठल्या राईड मेंटेनन्सला बंद आहेत ते फोन करून विचारा, नायट्रो बंद असेल तर मी स्वतः तारीखच पुढे ढकलेन.