कुसळ कुणाचं, कुसळीचं की मारवेलचं?

प्रश्न असा आलाय की 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' यातलं कुसळ कुसळी गवताचंच का, आणि मारवेल गवतालाही कुसळं येतात तर त्याला कुसळी का नाही म्हणत.

कुसळ हे आधी अवयवाचं नाव. गव्हाच्या ओंबीवरचे राठ केस म्हणजे कुसळ, भाताच्या काही जातींनाही असतं. कुसळी मात्र एक ठरावीक गवत, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कन्टॉर्टस, माळावर मुरमाड उतारावर सगळीकडे दिसतं. मारवेल म्हणजे डायकँथियम ॲन्युलेटम. ज्वारी आणि ऊस ज्या गटातले त्याच गटातली ही दोन्ही, लांबची भावंडंच.

आता मजा बघा, कुसळीचं जे सॉक्समध्ये घुसतं ते टोक शेपटीचं (म्हणजे बियाच्या वरच्या लांब केसाचं) नसतंच, ते खालचं, बियाच्या बुडाचं असतं, सुईसारखं टोकदार आणि वर उलट्या दिशेचे ताठ केस, म्हणून आत सहज जातं पण मागे येत नाही. तपकिरी शेपटी चांगली दोन-तीन इंच लांब, पिळलेली. एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून थेंबभर पाणी टाका, पीळ सुटतो आणि ते चक्क फिरायला लागतं, वाळलं की परत पिळतं, असं करत करत बी जमिनीत शिरतं (आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीतही). त्यामुळे गव्हाचं कुसळ म्हणजे नुसता केस, पण कुसळीचं म्हणताना लोक बियासकट अख्खा बाण धरतात. शब्द तोच, माप वेगळं.

मारवेलची कुसळं साधारण पाऊण इंच, बारीक, नाजूक, बुडाला तशी सुई नाही, सो कुणाला बोचत नाहीत मग नाव कशाला पडेल? मारवेल ओळखायचं पेरावरच्या पांढऱ्या केसांच्या कड्यावरून. गुरं आवडीने खातात, मुद्दाम लावतातही. कुसळीही चारा म्हणून वाईट नाही हां, फक्त कुसळं धरायच्या आत कापायला हवी.

आणि म्हणीचं म्हणाल तर मला ते गव्हाच्या ओंबीतलं तुटकं कुसळ वाटतं. कुसळीचं अख्खं कुसळ डोळ्यात गेलं तर ते शोधून दाखवायला शेजारी कशाला लागतोय, त्या माणसाच्या बोंबलण्यानेच गावाला कळेल.