घरात दीडशे डीव्हीडी आहेत, सगळ्या ब्ल्यू-रे किंवा ४के मध्ये परत घ्याव्यात का?

सगळ्या अजिबात नको भावा. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल (चित्राचे ठिपके), ब्ल्यू-रेचं १९२० बाय १०८०, म्हणजे फरक आहेच, पण तो मोठ्या टीव्हीवर आणि जवळ बसून बघितलं तरच जाणवतो, ३२ इंचीवर पैसे कशाला घालवायचे. आधी एक ब्ल्यू-रे प्लेयर घे, त्यात जुन्या डीव्हीडी पण चालतात आणि चित्र जरा सुधारतं. ४के, म्हणजे ब्ल्यू-रेपेक्षा बारीक चित्राच्या डिस्क मात्र साध्या ब्ल्यू-रे प्लेयरवर चालत नाहीत, त्याला वेगळा प्लेयर लागतो हे ध्यानात ठेव.

मग जे आठ-दहा पिक्चर तू वर्षातनं दोनदा बघतोस तेवढेच नवीन घे. आणि जुन्या मराठी पिक्चरच्या सीडी, डीव्हीडी टाकू नको रे, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आपल्या कोल्हापुरातच सुरू झाली, आपण तरी हे जपायला पाहिजे, यातलं बरंच ब्ल्यू-रेवर मिळतच नाही. माझ्या वडलांच्या कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी लागली, लई वाईट वाटलं, म्हणून सांगतो, आजच हार्डडिस्कवर कॉपी कर, दोन ठिकाणी ठेव, आणि नदीकडं घर असलं तर एक वरच्या मजल्यावर.