कवीबरोबर पहिला ठसा काढताना

ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' घेऊन कवी मित्रासोबत लिनोकट (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून, शाई लावून कागदावर काढलेला ठसा) करायचं ठरवलंत, फार छान! पण पूर्ण ग्रंथ अंगावर घेऊ नका. पहिल्या प्रकरणातलं शिव-शक्तीचं दोन असून एक असणं, एवढंच पुरे. आधी तेवढंच दोघांनी वाचा, बोला.

नवीन जोड्या हमखास अडकतात ते इथे: कविता आधीच पूर्ण होते आणि चित्रकार तिची सजावट करत बसतो. कच्च्या ओळी, कच्ची रेखाटनं एकमेकांना दाखवत राहा. चित्र पाहून एखादी ओळ गळाली तर गळू द्या.

ठशात सगळं आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं उलटी कोरावी लागतात. अमेरिकन चित्रकार लॅरी रिव्हर्सबरोबर लिथोग्राफीच्या (दगडावर रेखाटून छापण्याच्या पद्धतीच्या) दगडावर काम करताना कवी फ्रँक ओ'हारालाही उलटंच लिहावं लागलं होतं. देवनागरीत तर शिरोरेषा बारीक कोरली की तुटते, 'थ', 'भ'च्या गाठी शाईने भरतात. म्हणून:

- दोन-तीनच ओळी, अक्षर ठसठशीत.
- ट्रेसिंग पेपरवर सुलट लिहा, मग तो पालथा घालून लिनोवर उतरवा.
- रोलरवर शाई पातळच.

छपाईचं यंत्र नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून उत्तम ठसा येतो. अनेक रंगांचं पुढे बघू. आणि प्रत्येक प्रतीवर सही दोघांचीही हवी.