आधी डॉक्टरांना सांगावे, गोळीचे नंतर पाहावे

आपले वय 48, मधुमेह सहा वर्षांपासून, गेल्या दिवाळीपासून ताठरता टिकत नाही, पत्नीचा समज झाला आहे की आपले मन उडाले, आणि एका मित्राने दुकानातून परस्पर आणलेली गोळी देऊ केली आहे. ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी सतरा वर्षांपासून मधुमेही आहे आणि त्यातली दोन वर्षे हीच अडचण मी कोणाजवळही न बोलता काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयार होत नाही, वाहिन्या सैलावत नाहीत आणि शिश्नात भरायला हवे तेवढे रक्त भरत नाही. सोबत मज्जातंतूही मंदावलेले असतात. इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही, हे पत्नीला नेमक्या याच शब्दांत सांगावे. शिश्नाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या 3 ते 4. त्यामुळे बिघाड आधी लहान वाहिन्यांत जाणवतो, आणि कित्येक पुरुषांत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली असते. ही गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर बरे झाले असते.

मी मात्र भिंतीवरची जाहिरात वाचून एका ठिकाणाहून भुकटीच्या पुड्या आणल्या. पहिल्या पुडीने गुण आला, तिसऱ्या पुडीनंतर डोके ठणकू लागले, चेहरा तापला आणि भोवळ येऊन मी मोरीच्या दाराशी खाली बसलो. अशा भुकट्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेच्या गोळीतलेच औषध, न सांगता मिसळलेले आढळते, हे मला पुढे कळले. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने सिल्डेनाफिल घेतले तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

शेवटी धंतोलीतल्या डॉक्टरांपुढे बसलो तेव्हा पायाच्या जळजळीविषयीच बोलत राहिलो आणि उठता उठता म्हणालो, "आणखी एक सांगायचे होते." त्यांनी मला पुन्हा बसवले आणि विचारले, "काका, पहाटे आपोआप ताठरता येते का?" येत असेल तर मनावरचा ताण हे कारण अधिक संभवते, आणि ती हळूहळू नाहीशी झाली असेल तर शरीराकडे पाहावे लागते. मग त्यांनी ईसीजी, चरबीची तपासणी, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितले, कारण मधुमेही पुरुषांत ते कमी असणे मुळीच दुर्मीळ नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ही तक्रार वाढते. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये, बदलून मागावी.

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खात असाल तर तो सोडावा. आपल्या नागपुरात त्याला कोणी व्यसन मानत नाही, पण तंबाखूतील निकोटिन आधीच आखडलेल्या वाहिन्यांना आणखी आवळते. माझा खर्रा सुटायला आठ महिने लागले.

हृदय ठीक आहे असे कळल्यावर डॉक्टरांनीच गोळी लिहून दिली. सिल्डेनाफिल सुमारे तासभर आधी घ्यावे लागते, तेलकट जेवणानंतर उशिरा लागू पडते, आणि मनात ओढ नसेल तर काहीच करत नाही. सावजी जेवून घेतलेली गोळी फुकट गेली म्हणून मी निराश झालो होतो, तो दोष गोळीचा नव्हता. गोळीने भागले नाही तरी निर्वात पंप, इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण हे मार्ग उरतात, त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे.

शिश्नाच्या टोकाशी खाज, लाली किंवा कातडीला चिरा असतील तर तेही याच भेटीत दाखवावे. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी, म्हणजे डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी, तेथे बुरशी धरू शकते आणि ती बहुधा बुरशीवरच्या मलमाने बरी होते. पत्नीला सोबत न्यावे. माझी पत्नी दुसऱ्या भेटीला आली होती, आणि घरी परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली की दोन वर्षे मला वाटत होते माझेच काही चुकले.