ई-बुकची किंमत पाहून दर्जा कळतो का?

९९ सेंटचं ई-बुक टाकाऊ आणि १४ डॉलरचं चांगलं असं धरून चालावं का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते नाही. किमतीमागचं गणितच वेगळं आहे.

स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकाला अ‍ॅमेझॉन अमेरिकेत २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीवर ७० टक्के रॉयल्टी देऊ करतं, त्याबाहेर ३५. म्हणजे ९९ सेंटला हातात पडतात ३५ सेंट, २.९९ ला जवळपास दोन डॉलर. वर गेलात तर आणखी गंमत: ९.९९ ला सुमारे सात डॉलर, ११ डॉलरला चारसुद्धा नाहीत! मग दहा वर्षं खपून लिहिलेलं आणि पंधरा दिवसांत उरकलेलं, दोन्ही त्याच पट्ट्यात येऊन बसतात. ९९ सेंट तर पुष्कळदा मालिकेच्या पहिल्या भागाला लावतात, वाचक ओढायला.

मोठ्या प्रकाशकांचं निराळं. अ‍ॅमेझॉन नवी बेस्टसेलर ९.९९ ला, प्रसंगी तोटा खाऊन विकायचं. हार्डबॅकचा खप बसेल या धास्तीने पाच प्रकाशकांनी २०१० मध्ये अ‍ॅपलशी करार करून किंमत ठरवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने संगनमताने किमती वाढवल्याचा खटला भरला आणि २०१३ मध्ये कोर्टाने अ‍ॅपलला दोषी धरलं. तरी पुढे किंमत ठरवणं प्रकाशकांकडेच आलं. आजही पेपरबॅक बाजारात आली की त्याच ई-बुकची किंमत बहुधा उतरते. आत स्वल्पविरामही बदललेला नसतो.

प्रकाशकाच्या पुस्तकावरून संपादकाची, मुद्रितशोधकाची नजर फिरलेली असते, हे मान्य. पण ते काम स्वतःच्या खिशातून करवून घेणारे लेखकही आहेत. वाचकांच्या परीक्षणांवर आणि तारांकनावर मात्र विसंबू नका. ९९ सेंटची पुस्तकं लाखांनी विकणाऱ्या जॉन लॉक या अमेरिकी लेखकाने परीक्षणं विकत घेतली होती, हे २०१२ मध्ये उघड झालं.

मराठीत तर महागडं ई-बुकही फसवतं. जुनी पुस्तकं युनिकोड ही अक्षरांची सामायिक संकेतपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली; रूपांतर करताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात आणि कोणी पुन्हा वाचून बघत नाही.

म्हणून फुकटचा नमुना उतरवून घ्या आणि त्याची शेवटची पानं आधी वाचा. सुरुवातीची पानं सगळेच घासूनपुसून ठेवतात.