वाचकांचे प्रश्न : 2020 च्या टाळेबंदीत शहरातल्या कुटुंबांसाठी शिधा कसा जमवावा?

प्रश्न : आमच्या गावची बरीच मजूर कुटुंबं नागपूरला कळमना, हिंगणा भागात अडकली आहेत. पन्नास कुटुंबांना शिधा पाठवायचा म्हणून वर्गणी काढली, पण आठ दिवसांत जेमतेम चार हजार जमले. कापूस घरात पडून आहे, लोक तरी कुठून देतील?
— एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : शेतकऱ्याला पैसे मागूच नका, धान्य मागा. कापसाची खरेदी थांबली असली तरी गहू नुकताच निघाला आहे आणि तूर बऱ्याच घरी कट्ट्यांत (पोत्यांत) आहे. रोख रक्कम पगारदारांकडे मागा : शिक्षक, बँकेतले कर्मचारी, नोकरीनिमित्त बाहेर असलेली गावची मुलं. रक्कमही आकडा सांगून मागा. ‘एका घरच्या तेल-तिखट-मीठ-साबणाला एवढे रुपये’ म्हटलं की लोक दोन घरं उचलतात. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की शंभराची नोट येते.

पाच माणसांच्या घराला दिवसाला साधारण दीड किलो धान्य लागतं. म्हणजे 10 किलो कणीक आणि 5 किलो तांदूळ दहा दिवसच पुरतात. याच पिशवीला ‘महिन्याचा किट’ म्हणणारे पुष्कळ आहेत. सोबत तूरडाळ दीड किलो, तेल 1 लिटर, तिखट 200 ग्रॅम, हळद 100 ग्रॅम, मीठ आणि साखर एकेक किलो, चहापत्ती, दोन साबण. पन्नास घरांना गहू 5 क्विंटलच्या थोडा वर लागेल. डाळ 75 किलो, पण शंभर किलो तुरीतून 70-75 किलोच डाळ निघते, म्हणून तूर 1 क्विंटल 10 किलो धरा. जमवताना पायलीनं मोजू नका. पायली गावागणिक बदलते आणि हिशेब कधीच जुळत नाही. काट्यावर किलोत मोजा, देणाऱ्यासमोर वहीत लिहा.

गहू दळूनच पाठवा, तिकडे चक्की शोधत फिरायला लावू नका. मात्र चक्कीतून निघालेली गरम कणीक तशीच पिशवीत बांधली तर आत वाफ धरते, गोळे होतात आणि कणीक आंबूस लागते. रात्रभर स्वच्छ चादरीवर पसरून थंड करा, मग भरा. तेलाच्या पिशव्या वेगळ्या खोक्यात. कट्ट्यांखाली दबून एक फुटली की दहा घरांची कणीक जाते.

यादी करताना दोन गोष्टी फोनवर विचारा. पहिली, सिलिंडर किंवा स्टोव्ह आहे का? नसेल तर कोरडा शिधा निरुपयोगी, त्यांना जवळचं शिवभोजन केंद्र (सरकारी स्वस्त थाळीचं) सांगा, 2020 च्या टाळेबंदीत थाळी 5 रुपयांना होती. दुसरी, रेशनकार्ड आहे का? अन्नसुरक्षा यादीत नाव असलेल्यांना एप्रिल ते जून 2020 मध्ये माणशी 5 किलो धान्य मोफत होतं, आणि आधारला जोडलेलं कार्ड राज्यातल्या दुसऱ्या रेशन दुकानातही चालतं. बहुतेकांना हे माहीतच नसतं. यादीत नाव असलेल्यांच्या पिशवीतला तांदूळ काढून डाळ-तेल वाढवा. कार्डच नाही, त्यांना पूर्ण पिशवी.

प्रश्न : पैसे माझ्या खात्यात घेतले तर चालेल का? अमेरिकेतला पुतण्याही पाठवतो म्हणतो.

उत्तर : घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका, पंधरा दिवसांनी तुम्हालाच वेगळे काढता येणार नाहीत. गावातल्या नोंदणीकृत संस्थेचं किंवा बचत गटाचं, दोघांच्या सह्यांचं खातं बरं. नोंदणी नसताना वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते, अर्ज साधाच असतो. ऑनलाइन पैशाची पावती स्क्रीनशॉट पाहून फाडू नका, खात्यात जमा झाल्यावरच फाडा. 80जी (देणगीवर करसवलत मिळण्याची मान्यता) असलेल्या संस्थेतही 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे पगारदारांना आधीच सांगा. पुतण्याचं नागरिकत्व अजून भारतीय असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं घेतलं असेल तर परकी देणगीची नोंदणी नसलेल्या संस्थेनं त्याचा डॉलर घेऊ नये.

प्रश्न : देणगीदार वाटपाचे फोटो मागतात. काढावेत का?

उत्तर : कट्ट्यांचे, बिलांचे, भरलेल्या गाडीचे काढा. पिशवी घेणाऱ्याचा चेहरा नको.